भाकरीचे चार भाग

शाळा भरली आणि नेहमीप्रमाणे तिसरीच्या वर्गात पावकी सुरू झाली. एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण. मुलं मांडीवर ताल धरून डोलत म्हणत होती. पण यातल्या एकाला जरी विचारलं असतं, की बाळ, पाऊण म्हणजे किती ते दाखव बरं, तर त्यानं पुन्हा पहिल्यापासून पावकीच म्हणून दाखवली असती.

तळेगावच्या अध्यापिका विद्यालयात गणिताची पद्धती शिकवणाऱ्या कौशल्याबाईंचं सारं भांडण या डोलण्याशी होतं. बाई बी. ए., बी. टी. झालेल्या. घरी रांगती मुलगी. तिला शेजारणीकडे ठेवून यायच्या आणि दिवसभर अर्धा जीव तिकडे. आपल्या विद्यार्थिनींना त्या बजावायच्या, "फळ्यावरचा अपूर्णांक पोराच्या डोक्यावरून जातो. वस्तू त्याच्या हातात द्या. हातात आला, की पाव कळलाच."

चाकणच्या वाटेवरच्या या गावात त्यांच्या विद्यार्थिनींचे सराव पाठ चालत. आज पाठ गोजाचा होता. दापोडीची ही मुलगी वर्गात सगळ्यांत हुशार. गावात तिची जात अजून कुणी विचारली नव्हती. आजचा सराव नीट झाला, तर पुढच्या आठवड्यात इथंच परीक्षकांसमोर हाच पाठ द्यायचा, आणि पास झाली की मास्तरीण. तिच्या वस्तीतली पहिली.

पाठाला भाकऱ्या हव्या होत्या. वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाईनं गोजासाठी तवा चढवायला नकार दिला. म्हणून गोजाची आई, कुशाबाई, पहाटेच भाकऱ्या थापून, धुतलेल्या फडक्यात बांधून आगगाडीनं आली होती. लेक शिकवताना कशी दिसते ते बघायचं म्हणून आता ती खिडकीबाहेरच्या लिंबाखाली उभी होती.

गोजानं भाकरी वर धरली. "ही किती?"

"येऽक!"

तिनं भाकरी मोडली, अर्ध्याचे पुन्हा दोन केले आणि चौघा-चौघांच्या टोळीत एकेक भाकरी वाटली. वर्गात एकदम कुजबुज झाली. हातात भाकरी घेऊन गणित करायचं, हे कुणी ऐकलं होतं?

"आता सगळे पाव पुन्हा जोडा. किती झाली?"

पहिल्या रांगेतली सोजरा खाली मान घालून बसली होती. तिचे गाल हलत होते.

"सोजरा, तुझ्या टोळीची किती झाली गं?"

सोजरानं घास गिळला. "बाई, माजा पाव म्या खाल्ला. आता भाकर पाऊनच ऱ्हायली."

सगळा वर्ग हसला. गोजाही हसली. मागच्या बाकावर बसलेल्या कौशल्याबाईंना मात्र भरून आलं. पाऊण म्हणजे किती, हे या शाळेतल्या एका पोरीला आज पहिल्यांदा खरोखर कळलं होतं.

बाहेर त्याच वेळी सोजराची आई, शालनबाई, विहिरीवरून घागर घेऊन चालली होती. लिंबाखाली परकी बाई बघून ती थांबली.

"कुठल्या म्हनायच्या?"

"दापुडीच्या." कुशाबाईला राहवेना. "ती शिकवतीय न्हवं, ती माजी लेक. भाकरीबी म्याच थापल्यात. समद्या पोरांस्नी वाटल्यात बघा."

"आसं व्हय! कुनापैकी तुमी?"

कुशाबाईनं सांगितलं. दापोडीच्या म्हारवाड्यातली. खोटं सांगावं असं तिला सुचलंच नाही. आज लेकीचा दिवस होता.

घागर तिथंच फुटली.

शालनबाई वर्गात शिरली ती थेट सोजराकडे. "खाल्लीस का? बोल, खाल्लीस?" पोरगी घाबरून नुसती मान हलवत होती. आईनं तिचा जबडा धरला आणि दोन बोटं घशात घातली. पोरगी गुदमरली, डोळे पांढरे झाले, नखांनी आईचे हात ओरबाडले. बोटं बाहेर आली नाहीत. अन्न पाटीवर पडलं, मग नुसतं पाणी, मग त्यात रक्ताची तार दिसली.

"अहो, मरेल ती!" कौशल्याबाई धावल्या.

"मरू द्या. बाटून जगन्यापरास बरी."

हिचाच नवरा पिंपरीच्या नव्या कारखान्यात जात होता. तिथल्या कँटीनमध्ये कोण वाढतं, हे या घरात कुणी कधी विचारलं नव्हतं.

हेडमास्तर नानासाहेब दारात आले. त्यांनी सगळं पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "गोजाबाई, तेवढं भरून घ्या. इथं दुसरं कोण हात लावणार?"

गोजानं माती टाकली, भरलं, बाहेर नेलं. वर्ग शेणानं सारवला. सोजराच्या अंगावर गोमूत्र ओतून तिला ओलीच ओट्यावर उन्हात बसवलं. लिंबाखाली कुशाबाई तोंडात पदर कोंबून उभी होती.

परीक्षेच्या दिवशी गाव अडून बसलं. नानासाहेबांनी तोड काढली: गोजानं उंबऱ्याबाहेर उभं राहून सांगायचं, दुसऱ्या विद्यार्थिनीनं आत फळ्यावर लिहायचं. वस्तू नाहीत, वाटप नाही. पाठ तिचाच धरू.

कौशल्याबाईंनी तिला बाजूला घेतलं. "गोजा, एवढं सोस. एकदा पास हो. मग तुला कोण अडवतंय?"

"बाई, तेव्हाही उंबराच असेल." गोजाचा आवाज स्थिर होता. "हातात दिल्याशिवाय पाव कळत नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना? मी आत जाऊन शिकवीन. नाहीतर नापास करा."

"अगं, आईचा विचार कर."

"तिचाच करतेय. तिच्या हातची भाकरी ओकायला लावली त्यांनी."

ती उंबऱ्यापाशी गेली. आत पाय टाकणार, तोच नानासाहेब आडवे उभे राहिले. परीक्षकांनी खिडकीबाहेर बघितलं, घसा साफ केला. गोजा क्षणभर थांबली. मग वळली आणि स्टेशनच्या रस्त्याला लागली. परीक्षकांनी नापासाचा शेरा मारला.

आलोच आहोत तर वर्ग तपासून जावं, म्हणून परीक्षक साहेबांनी सोजराला उभं केलं. पोरीच्या दोन्ही मुठी घट्ट मिटलेल्या होत्या. परवापर्यंत ती तापानं फणफणत होती.

"सांग बाळ, एका भाकरीचे चार सारखे भाग केले. एक भाग तुला दिला. किती मिळाली?"

आईनं आणि मास्तरांनी शिकवलेलं सोजरानं नीट आठवून पाहिलं. मग घोगऱ्या आवाजात विचारलं,

"कुनाच्या घरची भाकर, गुर्जी?"

आज कुणी हसलं नाही. नानासाहेबांनी तेवढं कौतुकानं म्हटलं, "पोरगी चलाख आहे, साहेब."

कौशल्याबाई उभ्या राहिल्या.

"साहेब, तो शेरा खोडा. पाठ नापास कसा म्हणता? पोरीला किती पक्का कळलाय बघा! फक्त हा विटाळाचा पाठ गोजानं दिलेला नाही. आपण दिलाय. मीसुद्धा मघाशी गोजाला उंबऱ्याबाहेर उभं राहा म्हटलं." त्यांनी पिशवी उचलली. "ही शाळा गोजाला आत घेईपर्यंत माझी एकही विद्यार्थिनी इथं पाठ देणार नाही."

अस्पृश्यता पाळणं कायद्यानं गुन्हा ठरून तेव्हा वर्ष उलटलं होतं.

संध्याकाळी बाईंनी लेकीला मांडीवर घेतलं. तिला नुकतेच दोन दात आले होते. दुधात कुस्करलेला घास तोंडाशी नेताच तिनं काही न विचारता तोंड उघडलं.

आपल्या प्रत्येकीचं मूल आधी असंच तोंड उघडतं, बायांनो. मुठी मिटायला त्याला कोण शिकवतं?