सगुणाबाईनं साक्ष मागं घेतली

चुडावा स्टेशनच्या मागं एक पत्र्याचं शेड आहे. तिथं दर रविवारी प्रार्थना भरते. पास्टर चंद्रभानकडं प्रवचनं दोनच. एक रविवारचं: विश्वास धरा, शरीर लोखंडासारखं होईल, रोग जवळ फिरकणार नाही. दुसरं मातीचं, म्हणजे कुणाला पुरायला नेल्यावरचं: माणूस काय, गवत. सकाळी हिरवं, दुपारी वाळलं. वाफ आहे नुसती, दिसली न दिसली तोच गेली.

माणूस जगला तर पास्टरच्या प्रार्थनेनं. मेला तर गवतच होता म्हणून. दोन्हीकडून चंद्रभान मोकळा. माणूस दुबळा आहे, आयुष्य थोडं आहे, हे शास्त्रात आहेच, खोटं नाही. पण ते कधी आठवायचं आणि कधी विसरायचं, हे शास्त्र ठरवत नव्हतं, चंद्रभान ठरवत होता.

सगुणाबाई साठीची. कापूस वेचून लेकरं वाढवलेली बाई. दिवाळीनंतर तिला टीबी निघाला. सहा महिन्यांच्या गोळ्या लागल्या. गावची आशा कार्यकर्ती नीलम रोज दारात उभी राहायची आणि गोळी घशाखाली उतरल्याशिवाय हलायची नाही. दोन महिन्यांत खोकला थांबला, अंगावर मांस आलं. हा गुण गोळ्यांचा आणि नीलमच्या चिवटपणाचा. चंद्रभाननं तो आपल्या नावावर करून घेतला.

त्या शेडातली रीत अशी, की बऱ्या झालेल्यानं माईकवर साक्ष द्यायची आणि आपली औषधं टेबलावरच्या स्टीलच्या डब्यात टाकायची. आधी पूर्ण बरं व्हायचीही गरज नाही. चंद्रभान म्हणायचा, तोंडानं आधी कबूल करा, शरीर मागून येतं.

"बहीण, बरं वाटायलंय का?"

"वाटायलंय जी."

"मंग मोठ्यानं सांग. मी बरी झाले!"

सगुणाबाईनं सांगितलं. जन्मात पहिल्यांदा तिच्या बोलण्यावर कुणी टाळ्या वाजवल्या. उरलेली पाकिटं तिनं डब्यात टाकली आणि दुसऱ्या दिवसापासून नीलमला दारातूनच परत लावलं.

दीड महिन्यात खोकला परत आला. मग रुमालावर लाल ठिपका आला.

"आत्याबाई, नीलमताईला बोलवू का?" सून राजेश्रीनं विचारलं.

"न्हाई. समद्या लोकासमोर बोललेय मी. आता गोळी गिळली तं मी खोटी, अन् देव बी खोटा."

"देव कशाला खोटा? चंद्रभान खोटा."

"गप बस! पाप लागंल."

नीलम न बोलावता आली. दारातच उभी राहून म्हणाली, "मावशी, गोळ्या मधीच सोडल्या की रोग निबर होतो. मग त्या गोळ्याला तो भीत न्हाई. तुमी देवाला भ्या, पण ह्याला बी भ्या."

सगुणाबाईनं तोंड फिरवलं. बाई अडाणी नव्हती, हट्टीही नव्हती. ती दिलेल्या शब्दाला जागणारी होती, आणि अशा माणसालाच बुडवणं सगळ्यात सोपं असतं.

त्याच पंधरवड्यात प्रार्थनेला येणारी पंचफुला गेली. तिला साखर होती. तिनंही साक्ष दिली होती, तिच्याही गोळ्या डब्यात गेल्या होत्या. पायाची जखम काळी पडली, चढत गेली, संपलं. मातीच्या वेळी चंद्रभाननं पांढरा शर्ट घालून गवताचं प्रवचन केलं. उन्हात दीड तास. आयुष्य किती थोडं आहे, हे सांगायला त्याला दीड तास लागला. पंचफुलाचा नवरा रंगनाथ खड्ड्याच्या कडेला बसून होता.

"गवत लवकर वाळलं," मागं कुणीतरी पुटपुटलं.

"पाणीच बंद केलं न्हवं," दुसरा म्हणाला.

सगुणाबाईनं ते ऐकलं. घरी आल्यावर ती जेवली नाही. नववीतली नात प्रियांका तिला रोज दुपारी शास्त्र वाचून दाखवायची. त्या दिवशी एका आजारी राजाची गोष्ट निघाली. त्याला निरोप येतो, तू आता मरणार, घराची निरवानिरव कर. राजा भिंतीकडं तोंड करून ढसाढसा रडतो. देवाला दया येते, तो पंधरा वर्षं वाढवून देतो. मग देवाचा माणूस सांगतो, राजाच्या गळवाला अंजिराचा लेप लावा.

"थांब. काय लावा?"

"अंजिराचा लेप, आज्जी."

"देव बरं करतो म्हणल्यावर बी?"

"हां. तसंच लिवलंय."

"परत वाच."

प्रियांकानं तीनदा वाचलं. सगुणाबाई भिंतीकडं बघत बसली. "राजाला सुदिक लेप लागला," ती म्हणाली, "अन् मी कापूस वेचणारी, मला न्हाई लागायचा व्हय?"

रविवारी साक्षीची वेळ झाली तशी ती उठली. चंद्रभान खूश झाला. त्यानं आपल्या हातानं माईक दिला. तिनं तो टेबलावर ठेवला आणि तोंडाला पदर लावला.

"मी साक्ष दिली होती ती मागं घेते. मी बरी झाले न्हवते. खोकला आलाय, रगत पडायलंय."

पुढची रांग सतरंजीसकट मागं सरकली.

"सिस्टर, हा सैतान बोलायलाय तुमच्या तोंडून," चंद्रभान म्हणाला.

"सैतानाला खोकला येत न्हाई, पास्टर. मला येतो. शेजारी तक्रार करतात म्हणून तुमी खिडक्या लावून घेता, अन् खोकला आल्यापासून मी हितं गाणी म्हणली. समदे माझ्या श्वासात बसलेत. उद्या दहाला उपकेंद्रात थुंकी तपासणार हायेत. ज्यानं त्यानं या."

"तुमचा विश्वास कमी पडला!"

"विश्वास हाय म्हणून तं बोलायलेय. मातीत तुमी म्हणता माणूस गवत हाय. मान्य. मंग रविवारी त्याच गवताला लोखंड कसं म्हणता? एक काय ते ठरवा. अन् त्या डब्यात आमच्या गोळ्या गेल्या, तुमचा चष्मा काहून न्हाई गेला?"

चंद्रभानचा हात चष्म्याकडं गेला आणि अर्ध्यातून परतला. रंगनाथ उठला. वाटलं, चंद्रभानला धरतो आता. तो खिडकीजवळ गेला आणि कडी काढली. मग दुसरीची. मग तिसरीची.

सोमवारी उपकेंद्रात अकरा जण आले. चंद्रभान आला नाही. दुपारी सगळे गेल्यावर त्याची बायको आली आणि हळूच म्हणाली, "ताई, थुंकीच्या दोन डब्या द्या. नाव कुठं लिवू नका." नीलमनं नाव लिहून घेतलं. नाव घेतल्याशिवाय तपासणी होत नाही, पास्टरचीसुद्धा.

पुढच्या रविवारी चंद्रभाननं तिसरं प्रवचन काढलं: देव डॉक्टरच्या हातूनही बरं करतो. म्हणाला, हे मी पहिल्यापासूनच सांगत आलोय. अर्ध्या लोकांनी आमेन म्हटलं. लोकांचं असंच असतं.

सगुणाबाईचा रिपोर्ट परभणीहून आला. नीलम तो घेऊन ओट्यावर बसली.

"मावशी, जुन्या गोळ्या आता चालायच्या न्हाईत. रोग निबर झालाय. नवीन लागतील, जड हायेत. मळमळंल, पाय दुखतील. नऊ म्हयने."

राजेश्रीनं डोळ्याला पदर लावला. सगुणाबाई बराच वेळ बोटांवर महिने मोजत राहिली.

"नऊ म्हयने पुरंल का आयुष्य?"

"पुरवा," नीलम म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.