माटोळीचा घड

"ह्यो घड कोणी हाडलो?"

वत्सला दारातच थांबली. पणजीहून बसने धक्के खात ती पेडण्याला पोचली होती, आणि उद्यावर चतुर्थी. मधुकरराव स्टुलावर चढून माटोळी बांधत होते. गणपतीवरच्या त्या लाकडी चौकटीला आंब्याचे टहाळे, सुपाऱ्या, रानफळं लटकत होती, आणि मधोमध केळ्यांचा भला थोरला घड.

"गौरेशान. तो तलाठी. माटोळीक म्हणून घेऊन इलो," नवरा खुशीत म्हणाला.

हरमलच्या शेवंतीबाईचं भाताचं शेत कागदोपत्री प्लॉट करून विकायला मदत केल्याची तक्रार याच गौरेशवर होती, आणि दक्षता खात्यात त्या तक्रारीची चौकशी होती वत्सलेकडे. मधुकररावांना बिचाऱ्यांना काय ठाऊक! ऑफिसचा चकार शब्द घरात काढायचा नाही, हा नियम तिचाच. चोख राहण्यासाठी केलेला नियमच अंगाशी आला. गौरेश पक्का बेरकी. पाकीट घेऊन आला असता तर मधुकररावांनी त्याला पायरीवरूनच पिटाळलं असतं. पण माटोळीला आणलेलं नको म्हणायची आपल्याकडे रीत नाही.

आता वत्सलेने तो नियम मोडून सगळं सांगितलं, तसे मधुकरराव खाली उतरले. "सोडून दी गो. केळ्यांच्या घडान कोण विकलो जाता?"

"मी विकली जावचंय नाय. पण उद्या दुसऱ्या कोणी घेतल्यान, तर त्याका मी खंयच्या तोंडान विचारू?"

आता ही चौकशी आपल्याला सोडावी लागणार, मग शेवंतीबाईचं काय होणार, या विचाराने सणाच्या नेवऱ्याही तिला गोड लागल्या नाहीत.

सुट्टी संपताच तिने साहेबांना सगळं सांगून टाकलं. साहेब हळहळले. "बाई, काम संपत आलं होतं. गप्प राहिला असता तर कोणाला कळणार होतं?"

"मला कळलं होतं ना, सर."

चौकशी खात्यातल्याच सिद्धेशकडे गेली. पोरगा वाईट नव्हता, पण नवा होता. त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार होती. तोवर त्या शेतात पाया खणला गेला तर? वत्सलेला याचंच फार वाईट वाटत होतं.

त्याच आठवड्यात शेवंतीबाई आली आणि सवयीने वत्सलेच्या समोर बसली.

"शेवंतीमाय, तुमचा काम आता सिद्धेश बघतलो. माका बघूक मेळाचा नाय."

"कित्याक गो बाये?"

"गौरेशाकडची वस्तू माझ्या घरात इली."

म्हातारी तिच्याकडे बघतच राहिली. "तूंय घेतलंस?"

नवऱ्याचं नाव वत्सलेच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"होय."

शेवंतीबाई उठली. वत्सलेने लगबगीने तिची खुर्ची उचलून सिद्धेशच्या टेबलापाशी नेली आणि आधाराला हात पुढे केला. म्हातारीने तो धरला नाही. ती बसली, पदर सारखा केला, आणि वत्सलेकडे पाठ करून शेताची हकीकत पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली.