अठरा कार्डांचे आकडे

कागदाची गिरणी बंद पडल्यावरही बँकेची शाखा सहा वर्षं कशीबशी तग धरून होती. मग एक दिवस ट्रक आला. तिजोरी गेली, पैशाचं मशीन गेलं, काउंटरच्या काचासुद्धा गेल्या. मागे उरला तो दारावरचा गार्ड. बावीस वर्षं त्याने ते दार राखलं होतं. बंदूक जमा करून तो घरी बसला, पण वस्ती त्याला गार्डमामाच म्हणत राहिली.

आता जवळचं मशीन चाळीस किलोमीटरवर, मोठ्या शाखेच्या दारात. गिरणीच्या पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्यांना तेवढा प्रवास झेपेना. कुणाचे गुडघे गेलेले, कुणाला दिसत नव्हतं. एकेकाने आपलं कार्ड मामाच्या हातात ठेवलं आणि चार आकडे कानात सांगितले. अशी अठरा कार्डं झाली. आकडे मामाने कुठेही लिहिले नाहीत. दर महिन्याच्या दोन तारखेला तो सकाळी जीपने जायचा आणि दुपारी घरोघर पाकिटं पोचवायचा. जीपवाला ठरलेला होता, त्या अठरांतल्याच शिलाईवालीचा मुलगा. मामाच्या डोळ्यांदेखत वाढलेला, तोंडाने बडबड्या, गाडी मात्र जपून चालवणारा.

त्या दोन तारखेला जीप गिरणीच्या जुन्या वजनकाट्यापाशी थांबली.

"मागचा टायर बसलाय वाटतं, मामा. बघता का जरा?"

मामा उतरला, वाकला. टायर चांगला टणक होता. तेवढं कळेपर्यंत मानेवर दणका बसला.

शुद्ध आली तेव्हा तो वजनकाट्याच्या केबिनमध्ये खुर्चीला बांधलेला होता. समोरच्या टेबलावर रबरबँड लावलेली अठरा कार्डं. एक जाड मानेचा अनोळखी माणूस हातोडी घेऊन उभा होता. जीपवाला दारात उभा राहून बाहेर बघत होता.

"आकडे सांग," जाड मानेचा म्हणाला.

"लक्षात नाहीत."

त्या माणसाने मामाचा डावा पंजा टेबलावर दाबून धरला आणि करंगळीवर हातोडी घातली. हाड मोडल्याचा आवाज मामाला आधी ऐकू आला, कळ मागून आली. दुसऱ्या घावाला शेजारचं बोट गेलं. मामा ओकला. जीपवाल्याने मागे वळून पाहिलं नाही.

"सांगून टाका ना, मामा," तो म्हणाला. "तुमचं काय जातंय त्यात?"

तिसऱ्या बोटावर हातोडी उचलली गेली तेव्हा मामा बोलायला लागला. एकेक कार्ड समोर धरलं जाई आणि तो आकडे सांगे. दम खात, कण्हत, मध्येच चुकल्यासारखं करून दुरुस्त करत. जाड मानेच्याने सगळं कागदावर उतरवून घेतलं. अठराच्या अठरा आकडे खोटे होते.

मामाचा हिशेब साधा होता. चाळीस किलोमीटरच्या आत दुसरं मशीन नव्हतं, आणि त्या मशीनवरचा गार्ड त्याच्या ओळखीचा होता. दर महिन्याला हीच गड्डी बघून तो थट्टा करायचा, "काय मामा, पत्ते पिसायला आलात?" परका माणूस तीच गड्डी घेऊन मशीनशी झटापट करताना दिसला, तर तो गप्प बसणार नव्हता.

जाड मानेचा मोटरसायकलवरून गेला. जीपवाला राहिला.

तासभर गेला. मग मामाने पाणी मागितलं. जीपवाल्याने बाटली आणली, मामाचा उजवा हात सोडवला आणि बाटली त्याच्या हातात दिली.

"आईचा आकडा खरा कोणता?" त्याने विचारलं.

"सांगितला ना."

"चौदा महिने तुम्हाला फिरवतोय मी. आईने आकडा मला नाही सांगितला, तुम्हाला सांगितला. पोटच्या पोराला नाही."

"तिला विचार का ते."

"विचारलं. म्हणाली, गार्डमामा बरे."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडून जाड मानेच्याचं "आकडे खोटे आहेत" असं ओरडणं ऐकू आलं, मग झटापट, मग काहीच नाही. जीपवाल्याचा चेहरा उतरला. त्याने कोपऱ्यातला टायरचा पाना उचलला.

"खोटे सांगितलेत," तो म्हणाला आणि पाना मामाच्या खांद्यावर हाणला. दुसरा वार डोक्यावर येणार तोच मामाने खुर्चीसकट स्वतःला बाजूला झोकून दिलं. खुर्ची मोडली, दोर सैल झाला. भिंतीशी काट्याची जुनी लोखंडी वजनं पडली होती. पाच किलोचं एक मामाच्या उजव्या हाताला लागलं.

पहिला घाव त्याने गुडघ्यावर घातला. पोरगा वाकला. दुसरा कानशिलावर बसला, तसा तो आडवा झाला, पाना हातातून सुटला. मामाने तिसरा घाव तोंडावर घातला.

मग केबिनमध्ये फक्त मामाचाच श्वास ऐकू येत होता. पोराच्या डाव्या डोळ्याच्या जागी रक्ताचा खळगा झाला होता. मामाने शर्ट काढून त्यावर दाबला. काखेत हात घालून त्याला फरफटत जीपपर्यंत नेलं, मागे टाकलं. मोडक्या हाताने दुसरा गिअर पडेना, म्हणून दवाखान्यापर्यंतची सगळी वाट पहिल्याच गिअरमध्ये काढली. मागून पोरगा "आई, आई" करत होता आणि मामा दर वेळी "आलंच आता, आलंच" म्हणत होता.

पोरगा वाचला. डोळा गेला. मोठ्या शाखेच्या गार्डने मशीनच्या खोलीचं शटर ओढून जाड मानेच्याला आत कोंडलं होतं. दोघांनाही शिक्षा झाली. वस्तीने मामाचं कौतुक केलं. कुणी तर म्हणालं, डोळ्यावर सुटला, मुडदाच पाडायला हवा होता. मामा तिथून उठून गेला. त्याने सगळ्यांची कार्डं परत केली. आता म्हातारे भाड्याच्या टेम्पोत बसून स्वतः जातात, दिवसभर रांगेत उभे राहतात. दोघे जण त्या दगदगीने अंथरुणाला खिळले.

शिलाईवाली दोन महिन्यांनी मामाच्या घरी आली. आत ये म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच थांबली. बोटांवर सुई टोचल्याच्या खुणा, डोळे कोरडे.

"तुम्हाला मारायला धावला होता, हे मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "त्याबद्दल मी तुम्हाला दोष देत नाही. एकच सांगा, भाऊ. किती वेळा मारलंत?"

मामाने पोलिसांना दोनच घाव सांगितले होते. बायकोलाही तेच.

"तीनदा," तो म्हणाला. "दुसऱ्यालाच पडला होता तो."

ती त्याच्या वाकड्या बोटांकडे बघत राहिली. मग पदर सावरला आणि रस्त्याला लागली. त्यानंतर ती टेम्पोत मामाच्या बायकोशेजारी बसते, तिच्याशी चार शब्द बोलते. मामा दिसला की मान खाली घालते, आणि मामाही घालतो.