ठणठण पाववाला

मित्रांनो, धुराचा भपकारा सोडत गेलेला एखादा टेम्पो तुम्ही नाक दाबून पाहिलाच असेल. तो भपकारा सोडणारी काळी नळी म्हणजे मी. एका पाववाल्याच्या तीनचाकी टेम्पोचा मी जुना सायलेन्सर आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्यात बघून भांग पाडावा, इतका मी चकचकीत होतो. इंजिनाचा आवाज गिळायचा, हे माझं काम. पुढे पोटाला भोक पडलं आणि गिळलेलं सगळं बाहेर पडू लागलं. फटफटफट! मेकॅनिक म्हणाला, "बदलून टाका." मालक म्हणाले, "खुळा की काय! याच्या आवाजावर तर गिऱ्हाईक खिडकीत येतं."

खिडक्या खरंच उघडायच्या. पावांसाठी पिशव्या दोरीने खाली यायच्या आणि धूर वर पोचायच्या आत खिडक्या धाडकन बंद. वरच्या मजल्यावरच्या मावशी ओरडायच्या, "पाव पांढरा दिलास, पण माझं धुणं काळं केलंस रे मेल्या!" मला ते कौतुकच वाटायचं.

मग मालकीणबाईंनी हट्ट धरला. इंजिन गेलं, बॅटरी आली. छपरावर काळ्या पाट्या चढल्या. बॅटरी म्हणे उन्हावर जेवते! मी जिन्याखाली पडलो.

टेम्पो मांजरासारखा गुपचूप गेला आणि सगळे पाव घेऊन तसाच परत आला. रोज हेच.

"अहो, हॉर्न वाजवा की!" मालकीणबाई म्हणाल्या.

"वाजवला ना! लोक नुसते बाजूला होतात." मालकांनी कपाळाला हात लावला. "धंदा बसला. उद्या जुनं इंजिन बसवतो."

मी जिन्याखाली हरखलो.

मालकीणबाई कडाडल्या, "खबरदार! धूर थांबल्यापासून आपली तान्ही खोकली नाही, लक्षात आलंय का?"

मी गारच पडलो. मला वाटायचं, खोकून पोर माझी नक्कल करते!

मालकीणबाईंनी मला उचललं, घासलं, टेम्पोच्या मागे टांगलं आणि उलथन्याने हाणलं. ठण्ण! मालक हसले. दुसऱ्या दिवशी ठणठण ऐकून गल्लीत खिडक्या उघडल्या आणि उघड्याच राहिल्या. मावशी म्हणाल्या, "अगं बाई, हा मेला अजून जिवंत?"

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्यांना भंगारात लोटण्याआधी दुसरं काम शोधा. पण आम्हाला पुन्हा धूर सोडायला मात्र लावू नका. आणि मालक, उलथनं गल्लीचा कोपरा ओलांडल्यावरच मारा. घरात तान्ही आत्ताच झोपलीय.