उघडं बसवायचं की डब्यातलं

रघुनाथ रडला नाही, याची सुरतेतल्या लिंबायतच्या त्या गल्लीत ललितच्या जाण्याइतकीच चर्चा झाली. एकुलता एक, लग्नाचा मुलगा. मलेरिया डोक्यात गेला आणि डॉक्टरांनी हात टेकले. आई ऊर बडवत होती आणि बाप भिंतीला टेकून बसला होता, लूमचा पट्टा तुटल्यावर मेकॅनिकची वाट बघत बसावं तसा. दारावर सांत्वनाला येणाऱ्या बायका आपसांत कुजबुजत, दगड आहे नुसता. कुजबुजायचंही काही कारण नव्हतं. रघुनाथला दोन्ही कानांनी जवळजवळ ऐकू येत नसे, आणि हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

उभी हयात यंत्रमागांच्या, लूमच्या खडखडाटात गेली होती. अमळनेरकडून आला तेव्हा दुसऱ्याच्या खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, रात्रपाळी करी, मग लूम दुरुस्त करणारा जॉबर झाला, मग घरामागच्या शेडमध्ये स्वतःचे लूम टाकले. या चढत्या भाजणीत कान कधी गेले ते त्यालाही कळलं नाही. लिंबायतमध्ये ते काही नवलाचं नव्हतं. कारागीर शेडमध्ये हातवाऱ्यांनी बोलत, आणि बाहेर आल्यावर भांडल्यासारखे ओरडून बोलत. रघुनाथशी बोलायचं तर त्याच्या तोंडासमोर उभं राहावं लागे. तो ओठ वाचायचा, आणि उरलेलं अंदाजाने भरून काढायचा. लूम बिघडला तर मात्र त्याला कानांची गरज नसे. सांगाड्यावर तळहात ठेवला की कुठे काय अडतंय ते त्याला कळे.

मुलगा गेल्यापासून स्वतःच्या आत मात्र तसा कुठेच हात लागत नव्हता. चहा गरम की गार, समजत नव्हतं. कोणी गळ्यात पडून रडलं की तो त्याची पाठ थोपटायचा आणि मनात म्हणायचा, आता माझी पाळी. पाळी काही येत नव्हती. आपल्याला दुःख झालेलंच नाही की काय, अशी त्याला भीती वाटू लागली होती. भीती तरी वाटते आहे, एवढाच काय तो दिलासा.

अशात सुकदेव दारावर आला. सुकदेवचं उधन्याला गॅरेज, माणूस पारोळ्याकडचा, ललितचा जिवाभावाचा दोस्त. रघुनाथसमोर सरकून, तोंड वर करून तो बोलला.

"आबा, गाडी मन्हाकडे उघडी पडेल शे. ललितभाऊनी दोन फिल्टर मांगाडेल शेतस. कोनतं बसाडू?"

ती गाडी म्हणजे एक प्रकरणच होतं. लाल, दोन दारांची, जमिनीला पोट घासेल इतकी बुटकी जपानी गाडी. नैरोबीहून परतलेल्या कुणा पटेलाने जहाजातून आणली, एका हिरेवाल्याला विकली, आणि त्याने ती कतारगामच्या कंपाऊंडमध्ये गुलमोहराखाली गंजायला टाकली. ललितने ती भंगारात जाता जाता उचलली. दिवसभर स्कूटरवरून सुताची दलाली करायची आणि उरलेला वेळ त्या गाडीच्या पोटात डोकं खुपसून बसायचं. रघुनाथ म्हणायचा, "ज्या गल्लीत रिक्षा वळत नही, तठे हाई विमान कसाले?" ललित नुसता हसायचा. बापाने या विषयावर दुसरा प्रश्न कधी विचारला नाही.

आताही तो म्हणणार होता की राहू दे, मोडीत घाल. पण सरलाबाईने पदराने डोळे पुसले आणि नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"त्यानी वस्तू दुसराना दारशे अर्धी पडेल नको. गंधमुक्तीना आधी घर लई या."

तिच्या माहेरी तसं मानत. गेलेल्याचं अर्धं काम पुरं करून घरी आणायचं आणि मगच कपाळाला गंध लावून सुतकातून बाहेर पडायचं. नाहीतर माणूस त्या कामापाशी घुटमळत राहतो. रघुनाथचा असल्या गोष्टींवर फारसा विश्वास नव्हता. पण करण्यासारखं काहीतरी मिळालं होतं, म्हणून तो उठला.

गॅरेजमध्ये गाडी बॉनेट वर करून उभी होती. इंजिनात जाणाऱ्या हवेचा पाईप जिथे सुरू होतो तिथे काहीच नव्हतं, नुसतं गोल भोक, त्यावर फडकं बांधलेलं. सुकदेवने दोन खोकी पुढ्यात ठेवली. मुंबईहून आणलेली, आतलं सामान परदेशी.

पहिल्यात एक उघडा फिल्टर होता, निमुळता, हाताच्या पंजाएवढा, लाल कापडाच्या घड्यांचा. तो पाईपच्या तोंडावर तसाच बसवायचा. दुसऱ्यात तसाच फिल्टर, पण काळ्या डब्यात बंद, आणि डब्यातून खाली बंपरपर्यंत जाणारी नळी.

"हाई उघडं शे ना, तेनी गाडी गरजी," सुकदेव एकेक शब्द सुटा करून म्हणाला. "पन इंजिननीच गरम हवा खाई. आनि डबावालं बाहेरनी थंडी हवा लेस, पिकअप देस, आवाज नही करस. खाडीनं पानी रस्तावर उनं तं नळीतून पानी चढाना धोका, तेवढं संभाळनं पडी."

"ललितनं काय म्हननं व्हतं?"

"म्हने, आवाज दखसू मंग सांगसू. तो आवाजनंच इचारे. आवाज कितला येस, कितला दूरथून येस." सुकदेवने मान दुसरीकडे वळवली. पुढचं तो जे काही बोलला ते रघुनाथच्या डोळ्यांना दिसलं नाही, आणि त्यानेही परत विचारलं नाही.

त्याने उघडा फिल्टर उचलला. जन्मभर कापडावर पोट भरलेला माणूस, बोटं आपोआप घडीवर फिरली. सुती जाळी, एकावर एक थर, तेल पाजलेलं. ताणा विरळ, बाणाही विरळ. चांगलं कापड होतं. पण लिंबायतच्या हवेत काय असतं हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? सुताचा भुगा. शेडच्या छताला त्याच्या दाढ्या लोंबतात, जेवणाच्या डब्यात तो सापडतो, खोकल्यातही येतो. हे उघडं कापड महिन्याभरात चोंदणार. असली वस्तू पोराने आणलीच कशी? या हवेत जन्मला आणि हवा कळली नाही.

"डबावालं बसाड," तो म्हणाला. निर्णय अगदी सरळ होता. घरी जाताना रिक्षात त्याला बरंही वाटलं. पोरासाठी काहीतरी नीट, विचार करून केलं होतं.

सरलाबाईने पाण्याचा पेला पुढे केला आणि विचारलं, कोणतं बसवलं? तो तिला हवा, भुगा, थंड नळी सगळं समजावून सांगू लागला. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा बदलत होता. शेवटी ती त्याच्यासमोर खालीच बसली आणि त्याचा गुडघा धरला.

"तो माले काय सांगे, तुम्हले ठाऊक नही?" ती म्हणाली. "माय, असं काही बसाडसू गाडीले, का आबा पाठमोरा बठेल व्हई तरी त्याले कळी, मी उनू."

रघुनाथने तिला पुन्हा बोलायला लावलं. तिने पुन्हा सांगितलं. ओठ तेच बोलले, आबाला पाठमोरं बसूनही कळेल की मी आलो.

संध्याकाळी शेडमधून आला की रघुनाथ टीव्हीकडे तोंड आणि दाराकडे पाठ करून खुर्चीत बसे. ती जागा वर्षानुवर्षांची. ललित यायचा, हाक मारायचा, हाक वाया जायची, मग तो बापाच्या खांद्यावर हात ठेवायचा. दर वेळी रघुनाथ दचकायचा. दर वेळी चहा सांडायचा नाहीतर छातीत धस्स व्हायचं, आणि दर वेळी तो मागे वळून खेकसायचा, "काबरं चोरसारखा येस रे?"

स्वतःच्या घरात पोरगं चोरासारखं येत होतं. रोज. आणि त्यावर इलाज म्हणून ते गाडी गरजवायला निघालं होतं. रघुनाथला वाटलं, आता रडू येईल. तो वाट बघत राहिला. छातीत काहीच हललं नाही. उठून त्याने चपला घातल्या.

सुकदेव डबा बसवून क्लॅम्प आवळत होता. रघुनाथने त्याच्या दंडाला धरून सांगितलं, काढ हे, उघडं बसव. सुकदेवने पाना खाली ठेवला.

"चोंदी जाई, आबा. आपली हवा तुम्हले ठाऊक शे. धुनं पडी, तेल देनं पडी, घडी घडी."

"मी धुसू."

"गाडी चालाडी कोन?"

रघुनाथने उघडा फिल्टर उचलून त्याच्या हातात ठेवला. तो म्हणाला, "बसाड."

उघडा फिल्टर बसला. मग रघुनाथने एक गोष्ट केली. तो गाडीकडे पाठ करून उभा राहिला, गॅरेजच्या दाराकडे तोंड करून, आणि म्हणाला, आता न सांगता चालू कर, रेस दे. समोर रस्त्यावरून टेम्पो जात होते, शेजारच्या खात्यात लूम चालू होते, पायाखालची फरशी त्यांनी थरथरत होती. तो थांबला. अजून थोडा थांबला. सुकदेव चालू का करत नाही, म्हणून त्याने मागे वळून पाहिलं.

गाडी चालूच होती. सुकदेवचा पाय रेसवर होता, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"ऐकू नही उनं?"

रघुनाथने मान हलवली. पोराचा बेत फसला होता. इतकं सामान मागवलं, इतका विचार केला, आणि बापाचे कान त्याच्याही हिशेबाबाहेर गेलेले. तरी तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे हाईच. त्याले जे पाहिजे व्हतं ते. गंधमुक्तीना दिन घर लई ये."

गंधमुक्तीच्या दिवशी गल्लीने आपापली खाती बंद ठेवली. शेजारधर्म म्हणून तेवढं करायची तिथे रीतच होती. एरवी दिवसरात्र चालणारे लूम थांबले की लिंबायतच्या लोकांना कसंतरीच होतं. माणसं उगाच हळू आवाजात बोलू लागली. अंगणात कापडाचं पाल टाकलं होतं. रघुनाथला पाटावर बसवलं होतं, डोकं तासलेलं, अंगावर मेहुण्याने आणलेला नवा सदरा, तोंड घराकडे आणि पाठ गल्लीकडे. भटजी समोर बसून काही म्हणत होते, तो त्यांच्या ओठांकडे बघत नव्हता. हे झालं की संपलं, एवढंच त्याला समजत होतं. कपाळाला गंध लागेल, लोक जेवतील, उद्यापासून शेड चालू. दगडाला काय, कुठेही ठेवा.

भटजींनी गंधात बोट बुडवलं आणि हात पुढे केला.

तेव्हा रघुनाथच्या मानेमागे काहीतरी झालं. आधी ते पाठीला लागलं, मग दातांत आलं, आणि मग, किती वर्षांनी देव जाणे, कानांत. जाडसर, घोगरं, गल्लीच्या दोन्ही भिंतींवर आपटत जवळ येणारं. गल्लीच्या तोंडाशी चढ होता आणि सुकदेवला पहिल्या गिअरमध्ये गाडी रेटावी लागत होती. कोणी रघुनाथच्या खांद्याला हात लावला नव्हता. कोणी त्याच्यासमोर येऊन काही सांगितलं नव्हतं.

तो ताडकन उठला. भटजींचं बोट कपाळाऐवजी कानशिलावर घासलं गेलं.

"उना," तो बायकोला म्हणाला. त्याचा चेहरा इतका उजळला होता की सरलाबाई घाबरली. "ललित उना. दख, आज चोरसारखा नही उना."

आणि तो वळला. लाल गाडी पालापर्यंत येऊन थांबली होती, आणि काचेमागे सुकदेव होता.

लोकांनी त्याला धरायला हात पुढे केले, पण तो सरळ चालत गाडीपाशी गेला. सुकदेव किल्ली फिरवणार, तेवढ्यात त्याने हातानेच खूण केली, शेडमध्ये करतात तशी, चालू राहू दे. मग लूमवर ठेवायचा तसा बॉनेटवर तळहात ठेवला. पत्रा तापलेला होता. खाली इंजिन लिंबायतची हवा ओढत होतं, भुग्यासकट. हात पोळू लागला तरी त्याने तो उचलला नाही.

मग तो रडला. ऐकू न येणाऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे हे कळत नाही, आणि त्या दिवशी सगळे लूम बंद होते. गल्लीच्या पार त्या टोकापर्यंत लोकांना ते ऐकू गेलं.