वनिताची मऊ चिंधी

मी एक जुनी चिंधी आहे. हसा मित्रांनो, खुशाल हसा! चिंधीचं कसलं आलंय आयुष्य, असंच वाटलं ना तुम्हाला? पण एके काळी मी चांगलं ऐटदार लुगडं होते बरं का. अड्याळजवळच्या एका कोष्ट्याच्या घरी मागावर माझा जन्म झाला. धोटा इकडून तिकडे धावायचा, खट्‌खट् ताल धरायचा आणि त्या तालावर मी बोटाबोटानं वाढायची. अंग हरभऱ्याच्या पाल्यासारखं हिरवं आणि काठ जांभळाच्या रंगाचे.

गिरजाबाईंनी मला अड्याळच्या बाजारातून घरी आणलं. नवेपणी मी फार कडक होते. चालताना खसखस वाजायची. गिरजाबाई हसून म्हणायच्या, "हे लुगडं का चहाडखोर आहे वो! मी दारात पाय ठेवाच्या आंधी हेच सांगते, गिरजा आली मनून."

मग मी कामाला लागले. धानाच्या रोवणीत त्यांच्यासोबत चिखलात उभी राहिले. संध्याकाळी बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या काठी दगडावर मार खाल्ला आणि बाभळीवर वाळले. दर धुण्याला माझा थोडा रंग जायचा, थोडा कडकपणा जायचा. सालं गेली, सुग्या गेल्या. हिरवी मी फिकी झाले, तांदळाच्या धुवणासारखी. पण अंग कसं झालं म्हणता? लोण्यासारखं!

एक्याऐंशी साली गिरजाबाईंची सून चंद्रकला बाळंत व्हायची होती. ती तुमसरची. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच ठरलं. गिरजाबाईंचा मुलगा गोपीचंद हरखून गेला आणि भंडाऱ्याहून टेरिलीनचं चकचकीत झबलं घेऊन आला. गिरजाबाईंनी त्यावर नुसता हात फिरवला.

"ठेव पेटीत. बाळाची कातडी मंजे दुधावरची साय. तिले हे टोचते."

"पण माय, नवं आहे ना!"

"मनूनच त."

आमच्याकडे तशी रीतच आहे, मित्रांनो. बाळाच्या अंगाला पहिलं कापड लागायचं ते जुनं, धुऊन धुऊन विरलेलं. गिरजाबाईंनी पेटीतून मला काढलं, ओसरीवर पसरलं आणि कात्री चालवली. दुखलं का? छे! कात्रीबरोबर त्या गात होत्या ना.

नवं लुगडं मिरवाले, मांडवाच्या दारी,
जुनं लुगडं निजवाले, बाळ त्याच्यावरी.

माझे लंगोट झाले, टोपडी झाली आणि सगळ्यांत मोठा तुकडा बाळाच्या अंगाखाली घालायला ठेवला. तो तुकडा म्हणजे मी. दिवाळीच्या सुमारास वनिता जन्मली आणि माझ्या मांडीवर आली. इवलीशी, ओल्या पाकळीसारखी. मी जन्मात इतकं हलकं ओझं उचललं नव्हतं!

आता पुढची गंमत ऐका. बारसं आलं. तुमसरहून चंद्रकलेचा भाऊ आणि भावजय यायचे होते. गिरजाबाईंच्या मनात पाल चुकचुकली, "तुमसरवाल्यांनी मनावं का, पोट्टी चिंध्यांत निजवली?"

आमचा मुलूख धानाचा. भात शिजला की पेज निघते. उरलेल्या पेजेत कापड बुडवून वाळवलं की ते कडक, झोकदार होतं. त्याला कांजी देणं म्हणतात. गिरजाबाईंनी मला कांजी दिली. वाळल्यावर मी पुन्हा नवेपणीसारखी ताठ झाले. बारशाला आलेली भावजय म्हणाली, "वा, दुपटं कसं कोरं करकरीत!" झालं! त्या दिवसापासून गिरजाबाई मला रोज धुवायच्या आणि रोज कांजी द्यायच्या. चंद्रकला बाजेवरची बाळंतीण. धुणं तिच्या डोळ्यांआड व्हायचं. हाताला मी कडक लागायची, पण तिला वाटायचं, कडक म्हणजे स्वच्छ.

थोड्याच दिवसांत वनिताच्या मानेखाली, पाठीवर, मांड्यांच्या वळ्यांत लाल पुरळ उठलं. पोर रडायची, अंग आक्रसून घ्यायची. गिरजाबाईंची थोरली जाऊ देवकाबाई शेजारीच राहायची. ती आली, वाकून पाहिलं आणि निकाल देऊन मोकळी झाली.

"दूध गरम आहे तुह्या सुनेचं, गिरजा. तुमसरची पोट्टी! ठेच्याबिगर घास उतरत होता का तिचा?"

चंद्रकलेची डाळ बंद झाली, भाजी बंद झाली. भात आणि मीठ, मीठ आणि भात. तरी पुरळ हटेना. मग देवकाबाईनं आपली बकरीच आणून अंगणात बांधली.

"उद्यापासून पोरीले हिचं दूध पाज. मायचं बंद."

चंद्रकलेनं वनिताला छातीशी घट्ट धरलं. "आत्याबाई, असं नका करू जी. माह्या दुधानं का केलं?"

गिरजाबाईंचेही डोळे भरले. "मले का हौस आहे वो पोरी? पण नातीचं अंग पाहवत नाई."

मित्रांनो, मला सगळं ठाऊक होतं! मीच तर रात्रंदिवस त्या अंगाखाली होते. पण कापडाला तोंड कुठे असतं? मी नुसती ताठून पडून होते.

त्याच दुपारी वनिताचा डोळा लागला. चंद्रकलेनं तिला कुशीवर केलं आणि रडू आवरेना म्हणून मलाच ओढून आपला गाल पुसला. खस्सकन मी तिच्या गालावर ओरखडले! ती थबकली. मला बोटांत चुरगाळून पाहिलं. मनगटाच्या आतल्या बाजूवर घासून पाहिलं. तिथे लालसर रेघ उठली. बाजेवरून उतरून ती तडक ओसरीवर गेली. गिरजाबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या.

"आत्याबाई, जरा डोळे मिटा जी."

"काहून वो? पेढा देऊन राहिली का?"

"मिटा त!"

गिरजाबाईंनी डोळे मिटले. चंद्रकलेनं मला त्यांच्या गालावरून ओढलं.

"अवो माय! पत्रा का घासून राहिली माह्या तोंडाले?"

"पत्रा नोहे जी. तुमचंच लुगडं होय. ह्याच्यावर निजते तुमची नात."

सूप खाली आलं. गिरजाबाईंनी मला हातात घेतलं, पुन्हा गालाला लावलं. मग कपाळावर हात मारला. "तुमसरवाल्यांले दाखवाच्या पायी मी माह्या नातीले सराट्याच्या काट्यांवर निजवली वो!"

लगेच चूल पेटली. गरम पाण्यात मला बुडवलं, चोळलं, निथळलं, पुन्हा बुडवलं. सगळी कांजी उतरेपर्यंत गिरजाबाईंनी मला सोडलं नाही. उन्हात वाळल्यावर दोन्ही हातांनी मळून मळून मऊ केलं. वनिताचं अंग कोमट पाण्यानं धुतलं, घासलं नाही, नुसतं टिपलं आणि घटकाभर मोकळं ठेवलं. मग चंद्रकलेनं तिला पदराखाली घेतलं. पोर पिऊन माझ्यावर निजली ती थेट दिवेलागणीलाच उठली. हळूहळू पुरळ विझत गेलं.

देवकाबाई पाहायला आली. "मंग दूध गरम नोहतं मना?"

"दूध नाई वो बाई, माही हौस गरम होती."

"आन माह्या बकरीचं का करू आता?"

"तिले पेज पाज! आता कांजी तिच्याच पोटात जाऊ दे."

चंद्रकला खळखळून हसली. त्या रात्री तिच्या ताटात डाळ होती, वांग्याची भाजी होती, आणि गिरजाबाई "अजून घे, अजून घे" म्हणत वाढत होत्या.

मित्रांनो, आता वनिता शाळेत जाते. तिच्या दप्तरात मी पाटी पुसायला असते. कधी कधी खडूच्या भुकटीत पडल्या पडल्या मला ते हलकं ओझं आठवतं आणि वाईट वाटतं. तुम्हाला एवढंच सांगते, घरात लहानगं आलं तर चकचकीत पाहून भुलू नका. त्याच्या अंगाला काही लावण्याआधी डोळे मिटून आपल्या गालाला लावून पाहा. लहानग्याला सांगता येत नाही, त्याच्या वतीनं तुमचा गाल सांगेल. आणि आम्हा विरलेल्यांना उकिरड्यावर टाकण्याआधी एकदा हातात धरा.

परवा गल्लीतल्या मंदाबाईंना नातू झाला. वनितानं मला दप्तरातून काढलं, गरम पाण्यात स्वच्छ धुतलं, उन्हात वाळवलं आणि गालाला लावून पाहिलं. मग आजीला म्हणाली, "आजी, पाटी मी हातानंच पुसीन."

मी आत्ता मंदाबाईंच्या घरून बोलते आहे. जरा हळू बोला, बाळ निजलंय.