टॅमसिनचे केस आणि 'टॉर्चलाइट'

ब्रायनी हॅल्डन सव्वीस मुखपृष्ठं कोळून प्यायली होती. इंग्लंडमधल्या क्लीथॉर्प्स गावातल्या तिच्या कॉलेजात मीडियाचा प्रोजेक्ट होता: सिनेमाच्या मासिकांची मुखपृष्ठं तपासायची आणि मग स्वतःचं एक बनवायचं. नटाची नजर कुठे, लाल रंग किती, किंमत कुठल्या कोपऱ्यात, सगळं पोरीने पट्टी लावून मोजलं. एक नियम तर तीनदा अधोरेखित केला: नटाचं डोकं मासिकाच्या नावावर येतं आणि नाव थोडं झाकतं.

म्हणून तिच्या मनातल्या 'टॉर्चलाइट' मासिकावर मैत्रीण टॅमसिनचं डोकं ऐटीत नावावर बसलं. डोकं कसलं, केसांचा डोंगर! तीन तास आणि हेअरस्प्रेचा अख्खा डबा खर्ची पडला होता. त्या डोंगरामागे नावातली मधली अक्षरं गडप.

"अभ्यास चोख आहे," फेअरक्लो सर म्हणाले. "पण एवढा चोख तर वर्गात अठराजणांनी केलाय. हे दुकानात ठेव. शुक्रवारपर्यंत एका तरी अनोळखी माणसाने आपणहून उचललं, तर लीड्सच्या कला महाविद्यालयाला तुझी शिफारस लिहितो. नाहीतर नाही." मग त्यांनी डोळे बारीक केले. "आणि तुझं नाव कुठाय यावर? हां, ही मुंगीएवढी अक्षरं होय!"

ब्रायनीचं सगळं असंच. वर्गात उत्तर येत असलं तरी पोरगी हात म्हणून वर करायची नाही. लीड्सचा मात्र तिने ध्यास घेतला होता.

एका जुन्या मासेमारीच्या मासिकावर तिने आपलं मुखपृष्ठ चिकटवलं आणि ऑलर्टन यांच्या पेपरच्या दुकानात मांडलं. रोज कॉलेज सुटलं की शुभेच्छापत्रांच्या स्टँडमागे लपून बघायची. लोक बागकामाचं मासिक घेत, चॉकलेट घेत. 'टॉर्चलाइट'कडे कुत्रंसुद्धा ढुंकून बघेना.

बुधवारी म्हातारे ऑलर्टन चहाचा मग घेऊन तिच्याशेजारी येऊन उभे राहिले.

"काय गं, नाव काय तुझ्या मासिकाचं?"

"वर लिहिलंय की!"

"कुठे? मला तर केस दिसतायत."

"नियमच आहे तो. सव्वीसच्या सव्वीस मासिकांत तसंच आहे, मोजलंय मी!"

"असेल ना! चाळीस वर्षं विकतोय मी ती. अर्धं नाव झाकलं तरी गिऱ्हाईक ओळखतं त्यांना. तुला कोण ओळखतंय? नावाजलेल्यांनी नाव झाकावं, पोरी. नवख्याने आधी सांगावं."

ब्रायनीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बसमध्ये बसल्यावर मात्र पटलं, आणि तिला भारी लाज वाटली. सव्वीस मुखपृष्ठं पाहिली, आणि एवढी साधी गोष्ट दिसू नये!

टॅमसिनला सांगितलं, तर ती उसळलीच. "माझ्या केसांवर अक्षरं? माझ्या मढ्यावर छाप!"

"अगं, लोकांना नावच कळत नाहीये."

"माझं तोंड कळतंय ना?"

"तुला तरी कोण ओळखतंय, टॅम?"

बोलून गेली आणि जीभ चावली. टॅमसिन दार आपटून निघून गेली. ब्रायनी जरा रडली, पण अक्षरं पुढे आणलीच. चांगली ठळक, पिवळीधमक.

शुक्रवारी साडेचार वाजता ती पुन्हा स्टँडमागे. शेजारी हेअरस्प्रेचा वास आला.

"मी फक्त बघायला आलेय," टॅमसिन फणकारली. "तुझ्याशी बोलत नाहीये."

तेवढ्यात चाकांची पिशवी ओढत एक आजीबाई आल्या. मांडणीपाशी थांबल्या. "टॉर्चलाइट," त्यांनी मोठ्याने वाचलं, उचललं आणि थेट गल्ल्यावर नेऊन उघडलं. "अगंबाई! आत तर मासे आहेत!"

ऑलर्टन खो खो हसले. "आत अजून काही झालेलं नाही, बाई. वरचंच खरं."

"वरचं झकास आहे. काय केस आहेत मुलीचे!"

"माझेच!" टॅमसिन उडी मारून बाहेर. अबोला गेला उडत.

"आणि हे बनवलं कोणी?"

ब्रायनी स्टँडमागे आणखीच दडली. शेवटी टॅमसिनने मागे हात घालून मैत्रिणीला दंडाला धरून ओढलं.

"मी... ब्रायनी हॅल्डन."

"मोठ्याने, बाळ. मला कमी ऐकू येतं."

ब्रायनीने एक श्वास घेतला आणि असं काही सांगितलं की बाहेर बसथांब्यावरची माणसंसुद्धा वळून बघायला लागली.